दित्याच्या जबानीतला एक शब्द

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्ही ऐकताय म्हणून सांगतो — आणि ऐकून तोंड वाकडं केलंत तरी मला त्याचं काही नाही.

आधी एक सांगून टाकतो. इंग्रजांचा जंगलाचा कायदा म्हणजे उघड उघड दरोडा होता. गवत कापलं की गुन्हा, नांगराला साग तोडला की गुन्हा, गाय रानात शिरली की चराईची पट्टी. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते रान राखलं, त्यांनीच परवाना मागायचा? आणि कुणाकडे — माझ्याकडे! तोरणमाळच्या पायथ्याला जंगलकचेरीत मी कारकून होतो. एरवी परवाने लिहायचो, आणि बाजाराच्या दिवशी मोहाच्या झाडाखाली बसून भिलांना सांगायचो, मोडा हा कायदा, जंगल आपलं आहे. ते सांगितल्याचा मला पस्तावा नाही. आजही सांगेन.

मग पस्तावा कशाचा? — थांबा, येतो तिथे.

दित्या भिलाने माझं ऐकलं. भर दुपारी, सगळ्यांदेखत, राखीव रानात विळा चालवला. रखवालदारांनी त्याला धरून कचेरीत आणला. गोरे साहेब आतल्या खोलीत जेवत होते, जबानी लिहायला मी. गवत का कापलंस, असं मी विचारलं. दित्याने माझ्या टेबलावर हात ठेवला आणि हसून म्हणाला, "हाई जंगल आपलं शे, भाऊ."

आपलं. म्हणजे त्याचं, आणि माझंही. 'आमचं' म्हणाला असता तर मी त्यात नसतो — पण हा गडी मला सोबत घेऊनच उभा राहिला! साहेबांना मराठी चांगली कळायची. आपलं म्हणजे कारकुनाचंही का, हे त्यांनी विचारलंच असतं. मी लिहिलं — 'हे जंगल आमचं आहे.' आणि वाचून दाखवताना? वाचताना मात्र 'आपलं' असं वाचलं. दित्याला अक्षरओळख नव्हती. त्याने मान डोलावली आणि अंगठा उठवला.

नुसत्या गवतापायी तो दंडावर सुटला असता. त्या 'आमचं'मुळे — म्हणजे भिलांचं, सरकारचं नाही — सरकारी रानावर हक्क सांगणाऱ्या टोळीचा म्होरक्या ठरला. दोन वर्षं तुरुंगात गेली. तेवढे दिवस त्याच्या बायकोने मोळ्या विकून घर चालवलं, माझ्याच हातच्या परवान्यावर.

कोर्टात जबानी वाचली तेव्हा त्याने 'आमचं' ऐकलं होतं. सुटला तो सरळ माझ्या ओट्यावर आला. म्हणाला, "मी तं 'आपलं' सांगेल व्हतं, भाऊ."

खरं सांगायची हीच वेळ होती — नाही का? मी म्हणालो, कोर्टाने चुकीचं वाचलं. त्याला ते पटलं. चहा पिऊन घरी गेला.

आता साहेब गेले, राज्य आपलं झालं. ज्याने कायदा मोडायला शिकवलं त्याचा, म्हणजे माझा, झेंडावंदनाला सत्कार करायचा, असं गावाने ठरवलंय. हार दित्या घालणार आहे. कोर्टाने शब्द फिरवला, भाऊ तसला माणूस नाही, असं तो अजून गावभर सांगत फिरतो.

काळ वाईट होता, पोटाचा प्रश्न होता — असलं काही मी म्हणणार नाही. भित्रा होतो, बस्स. हार गळ्यात पडायच्या आधी मी हे तिथेच, सगळ्या गावासमोर, त्याच्या तोंडावर सांगणार आहे.

कोर्टाने बरोबर वाचलं होतं, दित्या. 'आमचं' मी लिहिलं.