वाकून घातलेली अट

राजपुऱ्यातल्या गणेश मंडळाने वैजयंतीचा सत्कार ठेवला होता. दापोऱ्याच्या या काळ्या पोरीची खान्देशी गाणी आता लाखो मोबाइलवर वाजत होती. मंडळाचे अध्यक्ष भाईदास माइकवर म्हणाले, "इतकी फेमस झाली, पण घमंड बिलकुल नाही."

मंचावर उभ्या असलेल्या वैजयंतीच्या मैत्रिणीला, रश्मीला, किळस आली. पाच वर्षांपूर्वी इथेच गायला आलेल्या वैजयंतीला यांनीच परत पाठवलं होतं. काळा चेहरा लाइटमध्ये दिसत नाही म्हणे. गोऱ्या गायिकेकडे नम्रतेचा दाखला कुणी मागत नाही.

शाल पांघरून झाली. भाईदासांनी चप्पल काढून पाय पुढे केला. वाकू नकोस, रश्मी मनात म्हणाली.

वैजयंती वाकली. टाळ्या पडल्या. भाईदासांनी फोटोवाल्याकडे बघत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वाकल्यावाकल्याच ती हळू आवाजात बोलली, "भाऊ, सावळी म्हणून तुम्ही काल सोनालीला कार्यक्रमातून काढलं. ती समोरच बसलीये, माझ्याआधी गाईल. नाहीतर मी घरी जाते, पब्लिकला तुम्ही सांगा."

शेजारी उभ्या रश्मीला ते ऐकू आलं आणि ती थक्क झाली. समोर अख्खा चौक भरला होता. भाईदासांनी सोनालीचं नाव पुकारलं, पण इतक्या बारीक आवाजात की मागच्यांनी ओरडून नाव पुन्हा विचारलं.