कळलं, बंद करू

ती घटना मला आजही विसरता येत नाही. निजामाचं राज्य होतं आणि मी अमीन, म्हणजे आताच्या भाषेत फौजदार होतो. दरोडे वाढले म्हणून ठाण्याच्या फोनची तार मुरुमच्या पलीकडच्या तीन गावांपर्यंत ओढली. चावडीतून हँडल फिरवलं की आमच्याकडे घंटा वाजायची. खांब मी स्वतः उभं राहून रोवून घेतले होते, आणि त्याचा मला फार तोरा होता.

महिनाभरातच त्यातल्या एका गावात भरदुपारी दरोडा पडला. माणसं रानात होती. किराणा दुकानदाराच्या डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, घालून दरोडेखोर पसार झाले. त्याची बायको धावत चावडीत गेली, तिनं फोन केला, तरी आमचं कोणी गेलं नाही.

खबऱ्यानं कान फुंकले, "साहेब, तुमचा फोनवाला शिपाई फितूर हाय." जिल्ह्याचे वरिष्ठ, मोहतमीमसाहेब, यांचा हुकूम आला: दोन दिवसांत कबुली घ्या, नाहीतर बेड्या घालून पाठवा. शिपाई सोनारीकडचा, पोराबाळांचा माणूस. मला झोप लागेना.

"बाई काय म्हणाली?" मी शिपायाला विचारलं.

"कळलं, बंद करू, म्हनली. म्या ठिवून दिला."

"त्याआधी?"

"काय न्हाय, साहेब. तेवढंच, लई घाईत. तुमीच शिकवलं व्हतं न्हवं, बोलणं संपलं की असं म्हणायचं?"

शिकवलं होतं. तार अडून राहू नये म्हणून तो नियम मीच घातला होता. तरी मी त्याच्यावर ओरडलो, तेच चारदा विचारलं. खोटं बोलणारा दर खेपेला गोष्ट सजवतो. याची एका शब्दानंही वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन दुकानदाराच्या घरी गेलो. दुकानदार बाजेवर बेशुद्ध होता. मी म्हणालो, "बाई, फोनवर बोललात ते जसंच्या तसं म्हणा."

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कळ्ळरु बंदरु, कळ्ळरु बंदरु."

"चोर आले म्हणतीया, कानडीत," सोबत आलेले गावचे पाटील म्हणाले. माझ्यामागं शिपाई पुटपुटला, "कळ्ळरु बंदरु... कळलं, बंद करू." त्याला कानडीचा गंध नव्हता. मलाही नव्हता. ज्या गावांत घरोघरी कानडी चालते तिथं आम्ही तार नेली होती आणि नियम मराठीत शिकवून आलो होतो.

अहवालात खरं लिहायचं तर चूक माझ्या नावावर येणार होती. मी घाबरलो, दोन कागद फाडले. तिसऱ्यावर खरं लिहिलं. शिपाई सुटला, माझी बढती अडली. दरोडेखोर पुढं सापडले, पण दुकानदार चौथ्या दिवशीच गेला होता.

मी त्या बाईंना भेटून चूक कबूल केली. त्या मराठीतच बोलल्या, अगदी सावकाश. "साहेब, येरवी मला मराठी येतंय की. नवऱ्याला मारताना बघून येत न्हाय."

त्यानंतर जिथं जिथं बदली झाली, तिथं मी पहिली चौकशी हीच केली, की इथली माणसं घाबरली म्हणजे काय ओरडतात.