मूठभर शेवाळ

अवेर्याननं बांधलेल्या घरात मेणबत्ती लावली आणि दार ओढून घेतलं, की ज्योत हलत नाही. बाहेर वादळ का असेना. हे उत्तरेच्या बर्फात वसलेल्या आमच्या कुलोमा गावात कुणीही सांगेल, आणि कुणी नाही सांगितलं तर अवेर्यान स्वतः सांगेल. सातवीनंतर तो शाळेत गेला नाही. ओंडका कुठं चिरेल ते कुऱ्हाडीच्या आवाजावरून ओळखायचं असतं, ते मास्तर काय शिकवणार, असं त्याचं म्हणणं. नदीकाठची एकोणीस घरं त्याच्या हातची. त्यातल्या सोळांना आता कुलपं आहेत.

"कुलूप असलं म्हणून काय झालं," तो म्हणायचा. "आत वारा शिरलाय का, ते बघा."

गावाच्या वरच्या टोकाला दोनच धुराडी चालू राहिली होती. एक त्याचं आणि एक धाकट्या बहिणीचं, ताइस्याचं. तिला तो ताये म्हणायचा. त्याची बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, ताइस्याचा नवराही आता नव्हता. रोज दुपारी तो तिच्याकडे कोबीचं सार प्यायला जायचा, मीठ कमी आहे म्हणायचा आणि दोन वाट्या संपवायचा.

ताइस्याच्या कोंबड्या आईपासूनच्या. ठिपकेदार, बुटक्या, आणि तुरा असा की कपाळाला चिकटून बसलेला, त्यामुळं कडक थंडीतही तो गारठून काळा पडत नसे. बाकी गाव वसंतात पेटीत उबवलेली पिल्लं विकत आणायचं आणि बर्फ पडायच्या आत कापून खायचं. ताइस्या मात्र दर हिवाळ्यात बारा कोंबड्या आणि एक कोंबडा स्वयंपाकघरात, भिंतीएवढ्या चुलीखालच्या खणात ठेवायची. आई तसंच करायची. त्यांचं खत साठवून तिचा काकडीचा वाफा व्हायचा. खाली खत, वर माती, खालून वाफ. आमच्याकडे जूनमध्येही हिव पडतं. गरम वाफा नसला तर बटाटा आणि लसूण सोडून काही हाती लागत नाही.

मग ताइस्याची छाती भरायला लागली. शहरातनं तिची मुलगी रिम्मा आली, आईला डॉक्टरकडे घेऊन गेली आणि परत येऊन टेबलाशी बसली.

"डॉक्टर म्हणतात पिसांची धूळ आहे. आई, कोंबड्या आणि तू एका घरात राहणार नाही."

"मग त्यांना शहरात ने," ताइस्या म्हणाली. "मी इथं राहते."

"थट्टा नको करू. कोंबड्या नसल्या तर तू इथं करणार काय? चल माझ्याकडे."

ताइस्या अवेर्यानकडे बघायला लागली. अवेर्यान सार पीत होता. त्यानं वाटी खाली ठेवली.

"कोंबड्यांना घर मी बांधतो. ओंडक्यांचं. तुझ्या शहरातल्या फ्लॅटपेक्षा ऊबदार."

"मामा, उणे चाळीसच्या खाली जातं इथं."

"मला सांगतेस?"

रिम्मा थकली होती. "बरं. एक हिवाळा. बाहेर जगल्या तर आई इथंच राहील, मी परत विषय काढणार नाही. नाही जगल्या तर मार्चमध्ये मी तिला न्यायला येते."

सप्टेंबरभर अवेर्यान राबला. खालच्या आळीतली म्हातारी पेलागेया काठी टेकत बघायला आली.

"आता पडदे शिव त्यांना."

"शिवीन. तुझ्यापेक्षा बरे शिवीन."

"माझ्या गळक्या छताखाली तीन वर्षं परात ठेवलीय. कोंबडी असते तर आधी नंबर लागला असता."

त्यानं ओंडक्याओंडक्यात दलदलीतलं वाळलेलं शेवाळ भरलं, बोथट छिन्नीनं ठोकून ठोकून बसवलं. छतावर हातभर लाकडाचा भुसा. दाराच्या कडांना जुन्या लोकरी बुटांचं जाड नमद. मग आत मेणबत्ती लावून ताइस्याला बोलावलं. ज्योत हलली नाही.

"दादा, छान आहे," ती म्हणाली. "पण त्या श्वास कुठनं घेणार?"

"तू घरात कुठनं घेतेस?"

"माझ्या घरात धुराडं आहे. आईच्या जुन्या गोठ्याला फटी होत्या."

"म्हणून तो गोठा पडला. ताये, भोक पाडून घर बांधायला मी कच्चा सुतार वाटलो का तुला?"

ऑक्टोबरात तिनं लसूण लावला, वर गवत पसरलं आणि कोंबड्या नव्या घरात सोडल्या.

नोव्हेंबरात आतल्या भिंतींना घाम सुटला. डिसेंबरात तो गोठून त्याचं पांढरं हिव झालं. आत गेलं की डोळे झोंबायचे. ताइस्या दुपारी दार उघडं ठेवायची आणि अवेर्यान आला की ते लावून घ्यायचा. अंडी मात्र रोज तीन-चार निघत होती, आणि ती तो मोजून गावभर सांगत होता.

जानेवारीत, उत्तरेचा वारा यायच्या आदल्या दिवशी, तो खुराड्याभोवती फिरत होता. वळचणीखाली, वरच्या ओंडक्यापाशी, त्याला एक फट दिसली. मूठभर शेवाळ उपसून काढलेलं. खाली बर्फावर त्याचा चुरा पडला होता आणि फटीतून वाफ येत होती. बहिणीचंच काम. त्याला असं वाटलं की कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवून चार माणसांत हसलं. तो घरी गेला, छिन्नी घेऊन आला आणि शेवाळ परत ठोकून बसवलं. आधीपेक्षा घट्ट. दुपारी सार पिताना त्यानं काही सांगितलं नाही.

वारा चार दिवस राहिला. पारा उणे बेचाळीसच्या खाली गेला. ताइस्याला खोकल्यानं बाहेर पडता येईना, म्हणून दाणापाणी तोच घालायचा. पहिल्या दिवशी कोंबड्या दांडीवर फुगून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कोंबडा खाली भुशात उभा होता आणि त्याची पिसं ओली होती. अवेर्याननं बघितलं आणि दार पटकन लावलं, ऊब जाऊ नये म्हणून. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं दार ओढलं तर ते चौकटीला गोठलेलं. कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून उघडलं.

भिंतींवर बोटभर जाड हिव होतं, छतापासून लोंबत होतं. तो कोंबड्यांचाच श्वास होता. नऊ मेल्या होत्या, कोंबडा धरून. उरलेल्या चौघींचे पाय काळे पडले होते.

एवढं हिव बघितल्यावर सुताराला काय झालं ते कळायला वेळ लागत नाही. ओल बाहेर जायला वाटच नव्हती. तो उभा राहिला आणि वरच्या ओंडक्याकडे बघत राहिला. तेवढ्यात मागून ताइस्या आली, शाल तोंडावर धरून.

ती आत गेली, एकेकीला उचलून बघितलं. मग चौघींना बाहेर आणलं आणि ओंडक्यावर ठेवून स्वतः कापलं. तिनं कुऱ्हाड त्याच्या हातात दिली नाही. सगळं झाल्यावर हात बर्फानं पुसत म्हणाली,

"दादा, माझ्यामुळं झालं."

"काय?"

"मी वर शेवाळ काढलं होतं. तुझं न ऐकता. वारा तिथनंच शिरला असणार. तू म्हणत होतास, भोक पाडू नको."

अवेर्याननं तोंड उघडलं. पेलागेया कुंपणापाशी येऊन उभी होती. ती म्हणाली, "त्याच्या भिंतीला कोण हात लावतं गं. एकोणीस घरं बांधलीत त्यानं."

अवेर्याननं तोंड मिटलं. मग म्हणाला, "होतं असं."

त्यानंतर तो रोज ठरवायचा, आज सांगू. साराची वाटी समोर आली की ठरवायचा. ती आता मीठ बरोबर घालायची आणि तो वाटी रिकामी करून उठायचा. फेब्रुवारीत तिनं बियांच्या पुड्या पेलागेयाला दिल्या. मार्चमध्ये रिम्मा आली. ताइस्यानं चुलीखालचा रिकामा खण धुतला, झाडला आणि मगच कोट घातला. गाडीत बसताना तिनं भावाला सांगितलं, "लसणावरचं गवत वेळेवर काढ. उशीर केलास तर पिवळा पडेल."

मेमध्ये तिचा फोन आला.

"लसूण आला का वर?"

"आला."

"किती ओळी?"

"सगळ्या. तिथं कसं आहे?"

"गरम आहे. खिडकी उघडली की रस्ता." ती खोकली नाही, हे त्याच्या लक्षात आलं. "दादा, ते खुराडं पाडू नको. पेलागेयाला सरपण ठेवायला दे. वरचं भोक तेवढं भरून घे."

"भरलंय."

"कधी?"

अवेर्यान खिडकीशी उभा होता. समोर तिच्या घराचं धुराडं, त्यातून धूर नाही. कुलूप त्यानंच लावलं होतं, आणि आत वारा शिरत नव्हता.

"जानेवारीत," तो म्हणाला. "वारा यायच्या आदल्या दिवशी."

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. त्यानं "ताये" अशी हाक मारली.

"लसणाला पाणी घाल," ती म्हणाली. "संध्याकाळी नको, सकाळी." आणि तिनं फोन ठेवला.

तो छिन्नी घेऊन बाहेर गेला, खुराड्याच्या वळचणीखाली शिडी लावली आणि शेवाळ उपसायला लागला. इतकं घट्ट बसवलं होतं की निघता निघेना. जूनमध्ये फोन वाजला नाही. जुलैत त्यानं लसूण उपटला, वेण्या घातल्या आणि तिच्या स्वयंपाकघरात टांगून ठेवला. रिम्मानं एकदा फोन केला, आई बरी आहे म्हणाली. मामा, आईला द्यायचा का फोन, असं तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही मागितला नाही.