चेअरमनच्या घरचा फोटोग्राफर

आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत शशिधर अण्णांना सगळे 'फोटोअण्णा' म्हणतात. मूळचे गडहिंग्लजकडचे. तिथं त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. कारखान्याचे पहिले चेअरमन आबासाहेब एका लग्नाला तिकडं गेले होते. अण्णांनी काढलेले फोटो त्यांच्या मनात भरले. ते म्हणाले, "दुकान बंद कर आणि आमच्याकडं ये. परदेशातनं फिल्मचा कॅमेरा आणलाय, घरात कुणाला चालवाय येत न्हाय."

अण्णा तेव्हा पंचविशीतले. ते आले. कारखान्याचा पगार, कॉलनीत क्वार्टर आणि काम एकच, चेअरमनच्या बंगल्यात जे घडेल ते टिपायचं. बारशी, जावळं, साखरपुडे, निवडणुकीचा गुलाल, गौरी-गणपती. पहिली काही वर्षं त्यांना त्याची मौज वाटली. मग पुण्याच्या एका वर्तमानपत्राकडून बोलावणं आलं. आबासाहेब रागावले नाहीत. त्यांनी फक्त अण्णांच्या बायकोला, गौराबाईंना, कारखान्याच्या शाळेत लावून घेतलं. पुणं राहून गेलं. पुढं मुलगी झाली, शांभवी. ती कारखान्याच्या दवाखान्यात जन्मली, कारखान्याच्या शाळेत शिकली आणि मोठी होऊन कारखान्याच्याच कॉलेजात शिकवू लागली, तात्पुरत्या जागेवर. ती जन्मली त्या दिवशी अण्णा बंगल्यावर कुणाच्या तरी जावळाचं शूटिंग करत होते. लेकीचं तोंड त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

आबासाहेब गेले, त्यांचा मुलगा चेअरमन झाला. गेल्या वर्षी नातवानं, राजवीरनं, आबासाहेबांच्या नावानं संग्रहालय काढायचं ठरवलं. जुन्या फिल्म, कॅसेटी, फोटो सगळं कोल्हापुरातून कॉम्प्युटरवर उतरवून आणलं आणि त्यातून घराण्याची एक फिल्म जुळवायला अण्णांना बसवलं. राजवीर शिकलेला, बोलायला मऊ. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "अण्णा, आत्या कुठं दिसायला नको. बाबांना त्रास होतो."

आत्या म्हणजे आबासाहेबांची थोरली लेक, संयोगिताताई. तीसेक वर्षांमागं तिनं कारखान्यातल्या एका केमिस्टशी लग्न केलं होतं, जातीबाहेर. त्या दिवसापासून बंगल्यात तिचं नाव निघालं नाही. पण जुन्या फिल्ममध्ये ती सगळीकडं होती. सायकलवर, झोपाळ्यावर, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. अण्णा एकेक जागा शोधून कापत गेले. फोटोत ती कडेला असली तर कडा छाटली, मधे असली तर फोटोच बाजूला ठेवला.

एका तुकड्यापाशी मात्र ते अडले. अंगणात आबासाहेबांच्या पत्नी, आईसाहेब, लेकीची वेणी घालतायत, काहीतरी बोलतायत आणि खळखळून हसतायत. एरवी त्या बाई प्रत्येक फिल्ममध्ये डोक्यावरचा पदर सावरत ताठ बसलेल्या. हसणं एवढं एकच. अण्णांनी राजवीरला ते दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "आजीचं दुसरं काहीतरी लावा."

त्याच आठवड्यात अण्णांना एक फोन आला. आवाज त्यांनी लगेच ओळखला. संयोगिताताईंनी पेपरात संग्रहालयाची बातमी वाचली होती. त्यांना आत यायचं नव्हतं, काही मागायचंही नव्हतं. आईसोबतचं काही असलं तर एकदा बघायचं होतं. अण्णांनी बघतो म्हणून फोन ठेवला. गौराबाईंना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या की पोरीचं कायम व्हायचं वर्ष हाय, यात पडू नका. ते त्यांनाही पटत होतं. तरी दुसऱ्या दिवशी खोलीत कुणी नसताना तो तुकडा पडद्यावर लावून त्यांनी मोबाईलवर टिपून घेतला आणि रविवारी एस.टी.नं निपाणीला गेले.

ताई आता पन्नाशी ओलांडलेल्या, केस पांढरे. फिल्मला आवाज नव्हता. त्यांनी ती परत परत पाहिली. मग म्हणाल्या, "आई काय म्हणत होती ठाऊक हाय का, अण्णा? हललीस तर वेणी वाकडी होईल, मग नवरा बी वाकडा मिळंल." आणि हसल्या. हसताना त्या हुबेहूब आईसाहेबांसारख्या दिसल्या. तुकडा त्यांनी आपल्या फोनवर घेतला. निघताना विचारलं, तुमच्या घरची अशी एखादी फिल्म हाय का? अण्णांनी बराच विचार केला. नव्हती.

पुढं आईसाहेबांची पुण्यतिथी आली आणि ताईंनी तो तुकडा व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. एका मामेबहिणीनं पाहिला, तिनं दुसरीला पाठवला, संध्याकाळपर्यंत बंगल्यावर पोचला.

राजवीरनं अण्णांना बोलावलं. समोर चहा ठेवला. कुठून गेला, कसा गेला, काही विचारलं नाही. म्हणाला, "अण्णा, तुम्ही घरातले म्हणून बोलतो. शांभवीताईंची फाईल याच महिन्यात मीटिंगला येतेय ना?" मग अण्णांचा मोबाईल उचलून त्यांच्या हातात दिला. "आत्याला सांगा काढायला. स्पीकरवर ठेवा."

अण्णांनी फोन लावला. पलीकडून ताई आनंदानं बोलू लागल्या, आज कुणाकुणाचे फोन आले ते सांगू लागल्या. अण्णांनी त्यांना थांबवलं आणि स्टेटस काढा म्हणाले. कुणी शेजारी बसलंय का, हे ताईंनी विचारलं नाही. त्या बंगल्यात त्या वाढल्या होत्या.

"काढते," त्या म्हणाल्या. "तुम्ही घाबरू नका, अण्णा. तुमचं नाव मी घेणार न्हाय."

राजवीर चहा पीत होता. अण्णांची मान वर आली नाही. पुढं कधीतरी त्यांनी आम्हाला सांगितलं, की त्या बाईनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनंच धीर दिला, ते अजून गळ्याखाली उतरत नाही.

संग्रहालयाचं उद्घाटन थाटात झालं. मंत्री आले, फिल्म दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्याचं शूटिंग अण्णांनीच केलं. त्यानंतर संयोगिताताईंचा फोन आला नाही. अण्णांनीही केला नाही.

शांभवीचं कायम झालं. त्याआधी तिनं बेंगळुरूच्या एका कॉलेजात मुलाखत दिली होती, तिथली निवडही झाली होती. ते तिनं घरी सांगितलं इथली ऑर्डर हातात आल्यावर. "तुम्ही त्या दिवशी फोन केलासा ते माझ्यासाठीच की, अप्पा," ती अण्णांना म्हणाली. "मग मी कशी जाऊ?"

दसऱ्याला तिला कॉलनीतच क्वार्टर मिळालं, अण्णांच्या मागच्याच ओळीत. तिचं सामान न्यायला आम्ही दोघं-तिघं गेलो होतो. अण्णांनी एकट्यानं गॅसची टाकी खांद्यावर घेतली, गल्लीला वळसा घालून तिच्या दारात ठेवली, आणि गौराबाईंनी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं.