घराण्याचे डोळे

आमच्या घराण्याला डोळ्यांचं आहे, असं गावात सरळ बोललं जायचं. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी आली ती पुढे आंधळी झाली. तिच्याआधी आजीही आंधळी होऊनच गेली म्हणे. त्यामुळे घराण्यातलं ते घराण्यातलं, त्याला कोण काय करणार, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. त्या समजुतीनेच आमचा घात केला. इतकी वर्षं झाली तरी हे लिहिताना माझं डोकं तापतं.

कारण जे घराण्यातून येतं ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असं सगळे धरून चालले होते. कोणाला देवी आल्या तर त्याची खोली वेगळी, ताट वेगळं. डोळ्यांसाठी मात्र काही नाही. आत्याचे डोळे सदा पाझरायचे. ती ते पदराने टिपायची आणि त्याच पदराने आम्हा पोरांची तोंडं पुसायची. बिचारीला दिसत नव्हतं, पण जीव फार लावायची. संध्याकाळी आई काजळ घालायला आम्हाला ओळीने बसवायची, डबी एक आणि बोटही एकच. सकाळी आमचे डोळे चिकटलेले असायचे, ते कोमट पाण्याने सोडवावे लागत. पापण्यांच्या आत सगळ्यांनाच खुपऱ्या होत्या, बारीक साबुदाण्यासारख्या. मलाही होत्या.

माझ्या गेल्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आम्ही तिला बाय म्हणायचो, तिच्याही गेल्या, पण जाताना पापण्या आतून आवळून गेल्या. बाय वयात आली तोवर तिच्या वरच्या पापण्या आत वळल्या होत्या आणि केस बुबुळावर घासत होते. डोळा मिटला की टोचणार, आणि माणूस डोळे मिटतं ते दिवसभर. माझी नजर चांगली म्हणून चिमट्याने केस उपटायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ती घरापुढच्या खळ्यात उन्हाकडे तोंड करून बसायची, मी पापणी ओढून एकेक केस काढायचे. ती हूं की चूं करायची नाही. उपटलेला केस परत यायचा तो आखूड आणि राठ, आधीपेक्षा जास्त टोचणारा. त्या कामाचा मला मनस्वी वीट आला होता.

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन, साठ सालाच्या आसपास, तेव्हा मालवणच्या दवाखान्यात डोळ्यांचे कोणी डॉक्टर येणार असं कळलं. वडील शाळामास्तर होते. ते आम्हा दोघींना घेऊन गेले. डॉक्टरांनी बायची पापणी काडीवर उलटून बघितली, मग माझी बघितली, मग पुन्हा तिची. वडिलांनी आपलं नेहमीचं सांगितलं, की आमच्याकडे हे आनुवंशिक आहे. डॉक्टर म्हणाले, छे, हा संसर्गाचा रोग आहे, हातातून, फडक्यातून, काजळातून जातो, आणि एकदा बरा झाला तरी घरातल्या घरात पुन्हा पुन्हा लागतो. वडिलांचा चेहरा उतरला. शिकलेला माणूस, शाळेत पोरांना स्वच्छतेचे धडे देणारा!

मग मीच धीर करून विचारलं, पदर एक, डबी एक, अंथरूण एक, तर हिचंच असं का झालं? डॉक्टर म्हणाले,

"रोग तर केव्हाच गेलाय. हे वण त्याच्याशी हिच्या अंगाने जे भांडण केलं त्याचे आहेत. कोणाचं अंग थोडक्यात आवरतं, कोणाचं भांडत राहतं आणि स्वतःलाच जाळून घेतं. का, ते आम्हालाही कळलेलं नाही. तेवढं कदाचित रक्तात असेल."

म्हणजे घराण्याचं काहीतरी होतंच! बाय बाजूला खाली मान घालून बसली होती. तिने ते सगळं ऐकलं.

पापणी बाहेर वळवायचं ऑपरेशन होतं. पण तेव्हाच फोंडाघाटाकडचं स्थळ चालून आलं होतं, आणि डोळ्याला पट्टी बांधलेली मुलगी दाखवायची कशी, असं आई म्हणाली. लग्नानंतर करू. बघायला माणसं आली त्या सकाळी मी केस काढले आणि आईने काजळाची जाड रेघ ओढली. उजेड सोसत नव्हता म्हणून बाय मान वर करीना. पोरगी लाजरी आसा, असं म्हणत मंडळी खूश झाली.

लग्न होऊन ती सासरी निघताना मी तिच्या ट्रंकेत चिमटा ठेवायला गेले. तिने तो काढून माझ्या हातात दिला.

"थंय कोणाक कळता नये. माजे डोळे असे म्हणान कळला तर तुजा लगीन होवचा नाय."

शेतकऱ्याचं मोठं घर होतं ते. चुलीचा धूर, मळणीत उडणारी कुसळं, आणि डोळ्यांत ते केस. ऑपरेशनचं नाव काढायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. ती बोलली नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा एक बुबुळ पांढरं पडलेलं आणि दुसऱ्यावर साऱ्याचा पांढरा पडदा चढत होता. आई कपाळाला हात लावून म्हणाली, ह्या ह्यांच्या घराण्याचाच. मी आईवर अशी ओरडले की वडील उठून पडवीत गेले. वडिलांनी तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. बाळंतपण झालं की केस बाहेर वळवता येतील, गेलेली नजर येणार नाही, असं तिथे सांगितलं.

मुलगी झाली. आत्याला आणि काजळाच्या डबीला मी पोरीच्या आसपास फिरकू दिलं नाही, त्यावरून घरात रडारड झाली, होऊ दे. बाराव्या दिवशी बायने पोरीला माझ्या मांडीवर दिलं आणि अंदाजाने माझ्या तोंडाकडे तोंड केलं.

"खरा सांग गो. चेडवाचे डोळे कोणार गेलेत? तुज्यार काय माज्यार?"

पोर झोपली होती. आणि जागी असती तरी तिच्या रक्तात काय आहे ते मला कशातून दिसणार होतं?

"माज्यार," मी म्हटलं.

बाय हसली. मग डोळा मिटला तेव्हा टोचलं असावं, कारण तिने झटकन मान फिरवली.