खिंडी पुरुषांच्या, व्हॅन बायकांची

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला एका काकांच्या बेसमेंटमध्ये काका, त्यांचे मित्र आणि मी कोलोरॅडोच्या उंच खिंडींतून मोटरसायकलने जायचा बेत आखत होतो. सगळ्यांसाठी काळे टी-शर्ट ठरले, त्यावर 'मुक्त' असं छापायचं ठरलं. मग मुक्त पुरुषांच्या जेवणाचा प्रश्न निघाला. बायका मागून व्हॅनमध्ये पोळ्या-भाजी घेऊन येतील, हे मला न विचारताच एकमताने मंजूर झालं. बाकीच्या बायका तेव्हा वर किचनमध्ये होत्या, त्यामुळे विरोधाचा प्रश्नच नव्हता.

"तूही व्हॅनमध्येच बस गं," काका मला म्हणाले. "घाटात बाइक म्हणजे रिस्क असते."

"काका, माझ्याकडे मोटरसायकलचं लायसन्स आहे. तुमच्याकडे?"

"अगं, पुण्यात कॉलेजभर चालवलीय!"

"इथे कारच्या लायसन्सवर चालत नाही. वेगळी टेस्ट असते. कोणी दिलीय?"

कोणीच दिली नव्हती. एकाने सुचवलं, "यार, मग आपणही व्हॅननेच जाऊ. मोठी घेऊ."

टी-शर्ट कॅन्सल झाले नाहीत आणि पोळ्याही नाहीत. मी तिथेच फोनवर स्वतःसाठी मोटरसायकल बुक केली आणि वर जाऊन काकूंना सगळा ठराव ऐकवला.

त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "तुझ्या मागे एक सीट असते ना गं?"