डुप्लिकेट सेंट

हे मी बायकोलासुद्धा कधी बोललो नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. ऐका फक्त.

दादा, माझा थोरला भाऊ, ऊस तोडायला जायचा. मी गावच्या दूध सोसायटीत कारकून. त्यामुळं घरात कुठलीही वस्तू आली की असली कोणती, नकली कोणती, हे सांगायचा मान माझा. तोरा काय विचारू नका!

दुष्काळाचं साल. टँकर चौथ्या दिवशी यायचा. दादा कारखान्यावरून परतला, तो तिथल्या बाजारातून सेंटची बाटली घेऊन. वर भारी परदेशी नाव. सिरसाळ्याला त्याच्यासाठी मुलगी बघायला जायचं होतं, अंघोळीला पाणी नव्हतं — म्हणून त्यानं मानेला सेंट लावला आणि लाजत मला विचारलं, "बरा हाय का रे?"

बरा? अहो, लई सुंदर वास होता! आणि दादा इतका देखणा दिसत होता की... माझ्याच्यानं बघवेना. नोकरीवाला मी, आणि उठून दिसतोय हा?

मी म्हणालो, "डुप्लिकेट हाय. लोक हसतील."

असली सेंट मी जन्मात हुंगला नव्हता.

त्यानं गुमान पिण्याच्या पाण्याचा तांब्या घेतला आणि मान खसाखसा धुतली. "पाणी कावून नासतोस रे?" माय ओरडली. त्यानं माझं नाव घेतलं नाही. सिरसाळ्यात तो अंग चोरून बसला, स्वतःचं नावही धड सांगेना. पोरगा घुमा आहे म्हणून त्यांनी नकार कळवला. माझा दादा घुमा! उसाच्या फडावर अख्ख्या टोळीला हसवणारा माणूस! मुलगी त्याच्या मनात भरली होती, हे मला दिसत होतं. बोललो का मी? नाही.

पुढं सोसायटीच्या कामानं पुण्याला गेलो, तेव्हा एका दुकानात त्याच नावाचा असली सेंट मनगटाला लावून हुंगला. तोच वास — आणि तासाभरात उडाला. दादाचा तर धुतल्यावरही सिरसाळ्याहून जीपमध्ये परत येईस्तोवर दरवळत होता. चांगला होता हो तो, अगदी घेण्याजोगा. हेही घरी सांगितलं नाही.

दादाचं लग्न नंतर झालं, वहिनी गुणाची आहे. पण अजून कुणाच्या साखरपुड्यात अत्तर लावायला कुणी आलं की तो स्वतःचा हात मागं घेतो. माझं मनगट धरून पुढं करतो, कौतुकानं म्हणतो, "मला न्हाई कळत. आमच्या धाकट्याला लावा."

आणि मी हुंगतो, जाणकारासारखी मान डोलावतो. परवाही डोलावली.